मावशी गप्प बसल्या तो आठवडा

सोमवारी सकाळी केमिस्टबाई आपले पडदे न्यायला लॉन्ड्रीत आल्या. त्यांनी पडद्यांच्या घड्या उलगडून दोनदा तपासल्या, पुन्हा घातल्या, आणि मग ज्यासाठी आल्या होत्या ते काढलं. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "मावशी, आपल्या ऑर्गनमास्तरांचं परवा शाळेतल्या बाईंशी ठरलं म्हणे. माणूस कसा आहे हो?"

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला होता. चर्चच्या मागच्या गल्लीतली ही लॉन्ड्री मावशी आणि त्यांचे यजमान तीस वर्षं चालवत होते. यजमान मागे धुलाईच्या खोलीत, मावशी पुढे इस्त्रीच्या टेबलाशी. चर्चच्या मंडळीतल्या झाडून सगळ्यांचे कपडे मावशींच्या हाताखालून जात. कुणाच्या कॉलरला काय लागलंय, कुणाच्या कोटाची बटणं पोटावर ताणायला लागलीत, कुणाच्या खिशात कुठली चिठ्ठी राहून गेलीय, हे त्या माणसाच्या घरच्यांआधी मावशींना कळे. आणि मावशींना सकाळी कळलं की दुपारच्या चहापर्यंत ते घरच्यांनाही कळे. ऑर्गनमास्तरांचे शर्ट तर त्या सहा वर्षं इस्त्री करत होत्या.

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. ओठ मिटले. "मी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

केमिस्टबाई शांतपणे वाट बघत उभ्या राहिल्या. मावशींच्या तोंडून हे वाक्य त्यांनी आजवर शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि खरी गोष्ट नेहमी त्याच्यानंतरच सुरू व्हायची. या वेळी काहीच सुरू झालं नाही. इस्त्रीतून थोडी वाफ निघाली, खिडकीतल्या उन्हात चढून विरून गेली. केमिस्टबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"इतकं वाईट?" त्यांनी विचारलं.

मावशींनी घाईघाईने सांगितलं की तसं काही नाही; आपण कुणाबद्दलच बोलायचं नाही असं ठरवलंय, देवाला तसा शब्द दिलाय. कधी दिला, असं केमिस्टबाईंनी विचारलं. काल दिला, मावशी म्हणाल्या. केमिस्टबाईंनी मनाशी हिशोब केला. मास्तरांचं ठरलं शनिवारी, आणि मावशींनी तोंडाला कुलूप घातलं रविवारी. त्यांनी पडदे छातीशी धरले आणि एक शब्द न बोलता त्या निघून गेल्या. त्यांचं हे न बोलणं कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंतच टिकलं.

खरी गोष्ट अशी होती की रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जिभेला आवर घालण्यावर प्रवचन केलं होतं. प्रवचनाच्या वेळी मावशींना एरवी एक गोड गुंगी येई. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत यायचं, त्यात धुळीचे कण तरंगायचे, आणि मावशी पुढच्या बाकांवरच्या मानांमागच्या कॉलरी बघत बसायच्या. एकेक कॉलर म्हणजे त्यांच्या लेखी एकेक घर होतं. त्या दिवशी मात्र त्या गुंगीतच पाळकसाहेबांचे शब्द कानात शिरले. त्यांनी नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण मावशींना वाटलं की सगळं चर्च मागे वळून आपल्याकडेच बघतंय. कुणीही बघत नव्हतं. निम्मे लोक पेंगत होते. पण उपासना संपल्यावर मावशी दारातल्या गप्पांना न थांबता तडक घरी आल्या.

दुपारी त्यांनी यजमानांना सांगितलं, "येत्या रविवारपर्यंत मी कुणाबद्दल अक्षर काढणार नाही. वाईटही नाही आणि चांगलंही नाही."

यजमान फारसे बोलत नसत. त्यांनी जरा वेळाने विचारलं, "चांगलं बोललं तर काय बिघडेल?"

"अहो, चांगल्यापासूनच तर सुरुवात होते माझी. दोन वाक्यं चांगली जातात. तिसऱ्याला 'पण' येतो."

यजमानांनी यावर विचार केला आणि मान हलवली. तीस वर्षांत ते तिसरं वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलं होतं.

मंगळवारी भगिनी मंडळाची प्रार्थनासभा असे. या सभेत प्रत्येकीने प्रार्थनेसाठी एकेक विनंती मांडायची, आणि कुणाचंही नाव घ्यायचं नाही हा नियम कडक होता. त्यामुळे 'चर्चच्या समोर राहणारी, जुळी मुलं असलेली, नवरा पोस्टात असलेली एक बहीण' असं लांबण लावून सांगावं लागे. मावशी म्हणजे या सभेचा प्राण. आठवडाभर जमलेलं सगळं त्या अशा कळकळीने मांडायच्या की ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि कुणी मध्येच उठून जायचं नाही.

त्या दिवशी मावशींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी काही विनंती नाही."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग केमिस्टबाईंनी डोळे मिटून 'सुरांची सेवा करणाऱ्या एका भावासाठी' प्रार्थना केली. ती चांगली दहा मिनिटं चालली. तिच्यात भूतकाळ, मोह, आणि फसवली गेलेली एक निष्पाप बहीण असं सगळं आलं. मावशींना तोंड उघडून सांगावंसं वाटत होतं की बायांनो, त्या माणसाच्या खिशात पेन्सिलीचे तुकडे आणि सुरांच्या खुणांचे कागद असल्याच गोष्टी सापडतात. पण हेही त्याच्याबद्दलच बोलणं झालं असतं. त्यांनी जीभ दातांखाली धरली आणि सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. ते आमेन जरा मोठ्याने निघालं, आणि बायकांनी ते लक्षात ठेवलं.

चहाच्या वेळी बायकांनी त्यांना घेरलं. पोस्टमास्तरीणबाईंनी मावशींची परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. "बरं, मास्तरांचं राहू द्या. पाळकसाहेबांबद्दल काही?"

"त्यांच्याबद्दलही नाही," मावशी म्हणाल्या.

सगळ्या कपबशा जागच्या जागी थांबल्या. पोस्टमास्तरीणबाईंनी हसण्याचा प्रयत्न करत विचारलं, "आणि माझ्याबद्दल?"

त्या बिचारीला बरं वाटावं म्हणून मावशी अगदी मायेने म्हणाल्या, "तुमच्याबद्दल तर मुळीच नाही हो."

पोस्टमास्तरीणबाई चहा न संपवताच घरी गेल्या.

बुधवारपासून लॉन्ड्रीची तऱ्हाच बदलली. काही लोकांनी कपडे टाकणं बंद केलं. काहींनी उलट, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायला कपाटं रिकामी करून आणली. आलेल्या प्रत्येक पँटचे आणि कोटाचे खिसे आधीच बाहेर उलटे काढलेले, कुत्र्याच्या जिभांसारखे लोंबत असत. एका गृहस्थांनी तर घरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घातलेले शर्ट धुवायला आणून दिले. पावती घेताना ते मावशींच्या डोळ्यांत बघत राहिले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता." मावशींना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाबद्दल काही बोलत नव्हत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांना घाबरत होते.

त्याच दुपारी स्वतः ऑर्गनमास्तर आले. पंचेचाळिशीचा, उंच, जरा वाकलेला माणूस, चालताना बोटं हवेतच ऑर्गनच्या पट्ट्यांवर असल्यासारखी हलवणारा. गावभर आपल्याबद्दल काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता, कारण ते कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकतच नसत. मध्येच त्यांना कुठलातरी सूर ऐकू येई. पण लोक बघून मान फिरवतात एवढं त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"मावशी, खरं सांगा," ते म्हणाले, "माझं वाजवणं बिघडलंय का?"

आता, माणसाबद्दल त्याच्याशीच बोलणं हे शब्द मोडण्यात येतं की नाही, हा प्रश्न मावशींनी रविवारी विचारात घेतला नव्हता. त्या विचारात पडल्या. विचार करता करता बराच वेळ गेला. मास्तरांनी मान खाली घातली, "समजलं," म्हणाले, आणि तडक चर्चमध्ये जाऊन वाजवायला बसले.

तेव्हापासून ऑर्गन थांबेना. सकाळी दुकान उघडावं तर सूर चालूच, दुपारी चादरी वाळत घालाव्यात तर सूर त्यांच्यामधून वाहतायत. मास्तर तीच एक धून पुन्हापुन्हा वाजवत, मंद, लांबवलेली, जणू कुणी झोपेत पायऱ्या उतरतंय. मावशींचे हात त्या लयीत चालू लागले. वाफ वर जाई, सूर आत येत, आणि क्षणभर सगळं इतकं सुंदर वाटे की आपण आठवडाभर काही बोललो नाही तरी चालेल असं त्यांच्या मनात येई. गल्लीतले लोक मात्र म्हणत होते, ऐका, मनाला खातंय त्याच्या. केलंय तरी काय या माणसाने?

गुरुवारी बेकरीवाले दादा आले. शाळेतल्या बाईंचे हे थोरले भाऊ. आईवडील गेल्यावर बहिणीला त्यांनीच वाढवलं होतं. ते भट्टीवरून तसेच उठून आले होते, कोपरापर्यंत पीठ. काउंटरवर दोन्ही हात टेकून ते उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं की लग्न महिन्यावर आलंय, लोक नाही नाही ते बोलतायत, आणि त्यांना लोकांचं नको, मावशींचं ऐकायचंय. मावशी हो म्हणाल्या तर लग्न होईल, नाही म्हणाल्या तर आजच्या आज मोडेल.

मावशींचा जीव कासावीस झाला. देवाला दिलेला शब्द एकीकडे आणि हा पिठाने माखलेला, झोप न झालेला माणूस एकीकडे. शेवटी त्यांचा निश्चय ढळला. एवढं एक वाक्य, त्यांनी मनात म्हटलं, आणि तोंड उघडलं.

"मास्तर फार चांगले आहेत हो, प—"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण 'प' निसटला होता.

"पण काय?" दादा म्हणाले.

मावशींनी मान हलवली. तो 'पण' अगदी क्षुल्लक होता. पण तो सांगितला तर त्याच्यामागून दुसरा येणार, दुसऱ्यामागून तिसरा, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घाबरून कपडे वाळत घालायचा एक चिमटा उचलला आणि ओठांत धरला. दादा त्या चिमट्याकडे बघत राहिले. मग हळूच वळले आणि गेले. काउंटरवर पिठाचे दोन पंजे उमटले होते. मावशींनी ते पुसले नाहीत.

शुक्रवारी सकाळी शाळेतल्या बाई आल्या.

त्या चाळिशीला आलेल्या होत्या. शांत, नीटनेटक्या, बोलताना फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक अक्षर सुटं उच्चारणाऱ्या. मावशींच्या टेबलावर तेव्हा ऑर्गनमास्तरांचाच रविवारचा पांढरा शर्ट होता. बाईंनी तो ओळखला. त्यांनी बोटाने त्याच्या बाहीची कड जरा सरळ केली, आणि म्हणाल्या, "मावशी, त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा ना."

"मी शब्द दिलाय," मावशी आजही ओठांत धरलेल्या चिमट्याच्या फटीतून म्हणाल्या.

"काहीही सांगा. अगदी एवढंसं."

चर्चमधून सूर येत होते. बाहेर चादरी हलत होत्या आणि त्यांचा उजेड छतावर पाण्यासारखा डुलत होता. मावशी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. केवढा थकलेला, केवढा सुंदर चेहरा, त्यांना वाटलं; आणि हेसुद्धा आपल्याला कुणाला सांगता येणार नाही. त्या बघतच राहिल्या, आणि इस्त्री शर्टावर होती तिथेच राहिली.

वास आधी बाईंना आला. मावशींनी इस्त्री उचलली तेव्हा शर्टाच्या छातीवर, डाव्या बाजूला, इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा उमटला होता. धुराची एक बारीक रेघ त्यातून वर गेली. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तीस वर्षांत मावशींच्या हातून एक हातरुमालसुद्धा जळला नव्हता, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. बाईंचे डोळे भरून आले. त्या दार लोटून निघून गेल्या.

मावशींच्या ओठांतला चिमटा खाली पडला. एक लग्न आपण न बोलता मोडलं, त्यांना वाटलं. बोलून आजवर एकही मोडलं नव्हतं. त्यांनी अॅप्रन काढला, यजमानांना मागून हाक मारून दुकान सांभाळायला सांगितलं आणि तशाच पाळकसाहेबांच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या.

पाळकसाहेबांचाही आठवडा बरा गेला नव्हता. मंगळवारपासून त्यांच्या पत्नी रोज त्यांच्या झग्याचे खिसे तपासत होत्या, आणि त्या झग्याला खिसे नाहीत हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. मावशींनी सगळी हकिगत सांगितली आणि शब्दातून तासाभराची सुटका मागितली.

"मी जिभेला आवर घाला म्हणालो होतो," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही तर सीलच ठोकलंत. अहो, एखाद्याचं भलं होत असेल तर चांगलं बोलायला काय हरकत आहे?"

"तेच मला जमत नाही, साहेब. दोन वाक्यं चांगली जातात. तिसरं घसरतं."

पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत बसले. धर्मशास्त्राच्या वर्गात त्यांना मोहाचे बरेच प्रकार शिकवले होते, पण तिसऱ्या वाक्याचा मोह त्यात नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मग दोनच बोला. आणि उठून या."

मावशींना हे एकदम पटलं. त्या निघाल्या. दारापर्यंत पोचतात तोच मागून पाळकसाहेबांनी घसा साफ केला. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उगाच सरळ केलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, हे लोक... माझ्याबद्दल नेमकं काय म्हणतायत?"

मावशींना सगळं माहीत होतं, शब्दासकट, कोण म्हणालं त्यासकट. ते सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली आणि पाळकसाहेबांकडे नुसतं बघितलं. पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "जा तुम्ही."

बेकरीच्या वर दोन खोल्यांत भावंडं राहत. जिन्यात ताज्या पावाचा ऊबदार वास भरलेला होता. बाई खिडकीशी मुलांच्या वह्या घेऊन बसल्या होत्या, पण लाल पेन्सिलीचं टोक एकाच शब्दावर थांबलेलं होतं. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, म्हणजे उठायला सोपं पडेल. हात मांडीवर घट्ट गुंफले.

"बाई," त्या म्हणाल्या, "मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण दर आठवड्याला त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशातून खडूचा एक तुकडा निघतो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मागच्या महिन्यात मी तो कचरा समजून टाकून दिला, तर ते परत आले, माझी कचऱ्याची बादली जमिनीवर उलटी केली, तासभर शोधत बसले, आणि सापडला तेव्हा शिट्टी वाजवत गेले."

दोन झाली. मावशी उभ्या राहिल्या. तिसरं वाक्य घशात तयार होतं, चांगलं गुळगुळीत, आपोआप बाहेर पडेल असं. त्यांनी जिन्याकडे तोंड केलं.

"बसा ना, मावशी," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "अजून?"

"अजून नाही. मला दोनाचीच परवानगी आहे. पण बाई, तुम्ही लग्न मोडू नका. तो शर्ट माझ्या हातून जळला, त्याचा काही अर्थ नव्हता."

बाई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "लग्न कोण मोडतंय?"

आता मावशीच गोंधळल्या. मग बाई लॉन्ड्रीत कशाला आल्या होत्या, रडत का गेल्या, असं त्यांनी विचारलं.

बाईंनी समोरच्या वह्यांची चळत सारखी केली. पुन्हा सारखी केली. "मी चौकशीला नव्हते आले हो," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यातलं काही खरं नाही तेही माहीत आहे. पण शाळेत मी आत गेले की शिक्षकांच्या खोलीत सगळे गप्प होतात. घरी दादाकडे त्यांचं नाव काढलं की तो पिठाच्या गोणी मोजायला लागतो. आणि ते स्वतः... त्यांना तर बोलताबोलता सूर ऐकू येतात. मला नुसतं कुणाच्या तरी तोंडून त्यांच्याबद्दल ऐकायचं होतं. चांगलं, वाईट, काहीही. म्हटलं, सगळ्या गावात मावशी तरी बोलतील. तर तुम्हीही बोलेनात."

मावशी खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या. खालून बेकरीतला खडखडाट येत होता. इतक्या वर्षांत लोकांबद्दल इतकं बोलूनही, कुणाला अशा भुकेने ते ऐकायचं असेल असं मावशींच्या मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावरून दादांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "ते खडूचं ठीक आहे," ते म्हणाले. "कालचा तो 'पण' काय होता?"

मावशींनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवून परवानगी दिली.

"ते शर्टाचं वरचं बटण चघळतात," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "वाजवताना. सहा वर्षांत चाळीस तरी लावली असतील मी."

दादांनी डोळे मिटले आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा. बाई मात्र हसत सुटल्या, इतक्या की वह्या खाली सरकल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या भेटीतच एक गिळलं त्यांनी."

त्यानंतर मावशींना लगेच सोडलं नाही. दादांनी गरम पाव आणून ठेवला, चहा झाला. मावशींनी शब्दाची मर्यादा शक्य तितकी पाळली. म्हणजे दोन वाक्यं बोलायच्या, उठून उभ्या राहायच्या, जिन्यापर्यंत जायच्या, आणि परत येऊन पुढची दोन बोलायच्या. हे पाळकसाहेबांना चाललं असतं का याबद्दल त्यांना जरा शंका होती. पण सगळी वाक्यं चांगली होती आणि सगळी खरी होती, आणि ऐकताना बाईंचा चेहरा असा उजळत होता की त्यांना थांबवेना.

परत निघाल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. चर्चवरून जाताना त्यांना ऑर्गन ऐकू आला नाही. मास्तर पायरीवर बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. मावशींनी थांबून त्यांना शर्ट जळल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. मास्तर म्हणाले की वरून कोट घालतो, आणि पुन्हा लिहू लागले. गल्लीत वळल्यावर एकदम मावशींच्या लक्षात आलं की दुकान सोडून आपल्याला तीन तास झाले. पुढच्या दाराशी गर्दी दिसली तशी त्यांना धडकी भरली. काय झालं, आग लागली की काय, म्हणून त्या मागच्या अंगणातून पळत आत शिरल्या.

अंगणात चादरींच्या ओळी पसरल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत त्या धुलाईच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. आतून कुणीतरी पुरुष बोलत होता. आवाज खणखणीत, रंगात आलेला, मध्येमध्ये थांबून लोकांना उत्सुक ठेवणारा. लोक हसत होते. मावशींना आधी वाटलं, रेडिओ लावलाय. मग त्यांनी आवाज ओळखला, आणि दाराच्या चौकटीला हात टेकला.

ते यजमान होते.

दाराच्या वाफेने धुरकटलेल्या काचेतून मावशींना पुढचं दुकान दिसलं: यजमान इस्त्रीच्या टेबलाशी, मावशींच्या जागेवर उभे होते. काउंटरपलीकडे केमिस्टबाई, पोस्टमास्तरीणबाई, घड्या घातलेले शर्ट आणणारे गृहस्थ, आणखी आठदहा जण. मावशी अशा अचानक गेल्या कुठे, झालंय तरी काय, असं विचारायला सगळे आले होते, आणि यजमानांनी देवाला कसलाच शब्द दिलेला नव्हता. मास्तरांबद्दलचा सगळा घोळ त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढला होता. लोक तरीही गेले नव्हते. तीस वर्षं मागच्या खोलीत बसून यजमानांनी ऐकलं सगळं होतं. बोलायची पाळी तेवढी कधी आली नव्हती.

आता ते मावशींबद्दल सांगत होते.

"तुम्ही म्हणता, तिच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले. "एक गोष्ट राहते. केमिस्टबाई, तुमच्या यजमानांच्या काळ्या कोटाचं अस्तर कितीदा फाटलंय? तुम्हाला माहीत नसेल. चारदा. ती शिवते. त्या कोपऱ्यातल्या बहिणीच्या मुलांच्या शाळेच्या कपड्यांना ढोपरं राहत नाहीत. तीही हीच लावते. पाळकसाहेबांच्या झग्याची कड तर जवळजवळ सगळी तिचीच आहे. मी म्हटलं, अगं, सांग की त्यांना. तर म्हणाली, सांगितलं तर ते फाटके कपडे आणायला लाजतील. एवढं एकच तिने कधी कुणाला सांगितलं नाही."

काउंटरपलीकडे केमिस्टबाईंनी हातरुमाल काढला.

मावशी ओल्या चादरीच्या आडोशाला उभ्या होत्या. मागून ऊन चादरीतून पाझरत होतं आणि सगळीकडे साबणाचा स्वच्छ वास होता. खोकून आत जायला हवं होतं. आपल्याबद्दल चाललेलं असं चोरून ऐकणं हेही पापच, आणि कुणी स्तुती करत असताना ऐकणं तर त्याहून मोठं, हे त्यांना चांगलं कळत होतं. खोकण्यासाठी त्यांनी हात तोंडाशी नेलासुद्धा.

"आणि एकदा काय झालं," आत यजमान म्हणाले, "आमचं नवीनच लग्न झालं होतं तेव्हा."

मावशींनी हात खाली घेतला. एवढं एक ऐकते आणि जाते, त्यांनी प्रभूला सांगितलं, आणि चादर जरा जवळ ओढून घेतली.